कॅथरवुडची रेघ : जंगलातल्या माया शहरांची खरी चित्रं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता लोकलमध्ये उभे आहेत आणि हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा आजचा लिखित मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त जरा नीटनेटका करून.

तर गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १८३९ मध्ये. मध्य अमेरिकेतला होंडुरास देश. ग्वाटेमालाच्या सीमेजवळचं कोपान नावाचं छोटं गाव, बाजूला नदी, आणि नदीपलीकडे दाट जंगल. त्या जंगलात चाळिशीचा एक इंग्रज माणूस चिखलात उभा आहे. डास इतके, की हातात मोजे घालून तो चित्र काढतोय. समोर माणसाच्या दुप्पट उंचीचा कोरीव दगडी खांब. पायाशी टाकून दिलेल्या कागदांचा पसारा. एक चित्र काढतो, बघतो, टाकतो. दुसरं काढतो, तेही टाकतो. वर झाडावर दोन माकडं बसलीत आणि ती जणू त्याला हसतायत. माकडं मी घुसडलेली नाहीत हं. त्याच्या सोबत्याने हे लिहून ठेवलंय.

या माणसाचं नाव फ्रेडरिक कॅथरवुड. तो काही नवशिका नव्हता. रोम, थेब्ज, जेरुसलेम अशी जुनी शहरं रेखाटत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. मग एक दगड त्याला का जमेना?

हा प्रश्न डोक्यात ठेवा. आजचा अख्खा एपिसोड त्याच्याभोवती आहे.

आधी माणूस कोण होता ते बघू

कॅथरवुडचा जन्म २७ फेब्रुवारी १७९९ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. शिक्षण वास्तुविशारदाचं, तेही त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे एका वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करून. शिवाय रॉयल अकॅडमीत व्याख्यानं ऐकली. १८२१ साली तो रोमला गेला आणि मग जी भटकंती सुरू झाली ती थांबलीच नाही. इटली, ग्रीस, इजिप्त. पुढे रॉबर्ट हे नावाच्या स्कॉटिश माणसाने इजिप्तमध्ये मोठी मोहीम काढली होती, तिच्यातही तो चित्रकार म्हणून होता.

तेव्हा फोटो नव्हता. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला थेब्जचं देऊळ कसं दिसतं हे कळायला एकच मार्ग, कुणीतरी तिथे जाऊन ते काढून आणायचं. त्यामुळे प्रवासी चित्रकारांना मागणी होती. पण बघणाऱ्याला पडताळून बघता येत नव्हतं. चित्रकाराने खांब दोन हात उंच दाखवला, आकाशात चार ढग जास्त घातले, तर कोण विचारणार?

कॅथरवुडचा स्वभाव मात्र मोजमापाचा. १८३३ ची त्याची जेरुसलेमची गोष्ट ऐका. तिथला 'डोम ऑफ द रॉक' हे मुस्लिमांचं अत्यंत पवित्र स्थान. इतर धर्मीयांना आत प्रवेश नव्हता. तो भाग तेव्हा इजिप्तच्या मेहमत अलीच्या ताब्यात होता. कॅथरवुडने इजिप्शियन अधिकाऱ्याचा पोशाख केला, सरळ आवारात गेला आणि चित्र काढायला बसला. लोक जमले, चिडले, अंगावर यायच्या बेतात होते. तेवढ्यात तिथला गव्हर्नर आला. हा माणूस इतका शांतपणे बसलाय म्हणजे वरूनच परवानगी असणार, असं त्याने गृहीत धरलं आणि लोकांना सांगितलं की हे दुरुस्तीसाठी पाहणी करायला आलेत. झालं! पुढचे साधारण सहा आठवडे कॅथरवुड आणि त्याचे दोन मित्र, बोनोमी आणि अरंडेल, त्या वास्तूची आतून-बाहेरून मापं घेत होते.

धाडस म्हणून ही गोष्ट भारी आहे, आणि तितकीच अडचणीचीही. ज्यांचं ते श्रद्धास्थान, त्यांना फसवूनच तो आत गेला होता. या माणसाच्या गोष्टीत हे दोन्ही पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

डोळ्यात तयार होणारं चित्र

आता त्याच्या हत्याराबद्दल. माझं दिवसभराचं काम कोड लिहिण्याचं, त्यामुळे हत्यारांविषयी बोलायला मिळालं की मी थोडा रेंगाळतो. सांभाळून घ्या.

त्याच्याकडे होता 'कॅमेरा ल्युसिडा'. नावात कॅमेरा असला तरी त्यात फिल्म नाही, पेटी नाही, काहीच नाही. विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ साली त्याचं पेटंट घेतलं. एका दांड्यावर बसवलेला छोटा काचेचा लोलक, बस्स. दांडा टेबलाला अडकवायचा, खाली कागद ठेवायचा आणि लोलकाच्या कडेवरून खाली बघायचं. डोळ्याच्या अर्ध्या भागात लोलकातून समोरचं दृश्य येतं, अर्ध्या भागात थेट कागद दिसतो. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि समोरची इमारत कागदावर उतरल्यासारखी वाटते. रात्री एसटीच्या खिडकीत बाहेरचे दिवेही दिसतात आणि आपला चेहराही दिसतो ना, साधारण तसंच.

पण लक्षात घ्या, कागदावर प्रत्यक्षात काहीच पडलेलं नसतं. चित्र फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं. मान जराशी हलली की सगळं सरकतं. म्हणजे हे यंत्र तुम्हाला बाह्यरेषा आणि प्रमाण देईल. रेघ कुठे वळते, हा फुगवटा नाक आहे की पान आहे, हे ठरवायचं काम तुमचंच.

कोपानचं कोडं नेमकं इथेच आहे.

वकील, चित्रकार आणि एक करार

१८३६ च्या सुमारास कॅथरवुडची ओळख जॉन लॉइड स्टीव्हन्सशी झाली. स्टीव्हन्स न्यू यॉर्कचा वकील, पण मन प्रवासात आणि लिहिण्यात. इजिप्त, पेट्रा, जेरुसलेम फिरून त्याने लिहिलेलं पुस्तक खूप गाजलं होतं. जेरुसलेममध्ये त्याने वापरलेला नकाशा कुणाचा? कॅथरवुडचा.

कॅथरवुडही मग न्यू यॉर्कला आला. ब्रॉडवेच्या जवळ त्याने एक गोल इमारत उभारली, रोटुंडा. आत भिंतभर गोलाकार चित्र लावलेलं, म्हणजे पॅनोरामा. मध्ये उभं राहिलं की आपण जेरुसलेमच्या मधोमध उभे आहोत असं वाटायचं. तिकीट काढून लोक बघायला यायचे. १८३८ चं व्हीआर म्हणा हवं तर.

दोघांच्या कानावर मध्य अमेरिकेतल्या जंगलात जुनी शहरं असल्याच्या बातम्या येत होत्या. थोडंफार छापलेलंही होतं, पण विश्वास ठेवावा असं फार कमी. १८३९ मध्ये स्टीव्हन्सने मध्य अमेरिकेसाठी अमेरिकेचा राजनैतिक प्रतिनिधी म्हणून नेमणूक मिळवली आणि ऑक्टोबरात दोघं बोटीने बेलीझकडे निघाले. निघण्याआधी रीतसर लेखी करार केला. लिहायचं आणि छापायचं स्टीव्हन्सने, चित्रं कॅथरवुडने काढायची.

तिकडे तर यादवी युद्ध पेटलेलं. स्टीव्हन्स सरकारचा प्रतिनिधी म्हणून गेला खरा, पण ज्याच्याकडे कागदपत्रं द्यायची ते सरकारच त्याला सापडेना! त्यापेक्षा शहरं लवकर सापडली.

कोपान : किंमत ५० डॉलर

कोपानला पोहोचल्यावर पहिली अडचण जागेच्या हक्काची. जमीन भाडेपट्ट्याने डॉन होसे मारिया नावाच्या माणसाकडे होती. हे परके लोक इथे काय करतायत, याने तो हैराण. शेवटी स्टीव्हन्सने सोनेरी गरुडाची बटणं असलेला आपला सरकारी कोट चढवला, शिक्के मारलेली कागदपत्रं दाखवली आणि सौदा ठरला ५० डॉलरला. अख्खं प्राचीन शहर, ५० डॉलर. डॉन होसे मारियाला वाटलं, हा माणूस वेडा आहे.

आणि मग कॅथरवुड कामाला लागला. आपण सुरुवातीला जिथे होतो तिथे आता परत आलोय.

अडचणी बघा. एक, उजेड. झाडी इतकी दाट की दगडावर ऊन पडत नाही, आणि कोपानचं कोरीव काम इतकं खोल की बाजूने कडक ऊन आल्याशिवाय आकार उठून दिसत नाही. यावर उपाय होता. स्थानिक मजूर लावून कोयत्यांनी झाडं तोडली, उजेड आत आणला.

दुसरी अडचण अवघड होती. या उभ्या खांबांना पुरातत्त्वात 'स्टेला' म्हणतात. कोपानच्या स्टेलावर समोर एक भव्य माणूस, त्याच्या डोक्यावर प्रचंड मुकुट, मुकुटात मुखवटे, मुखवट्यात साप, सापाच्या जबड्यातून बाहेर येणारा आणखी एक चेहरा. बाजूला आणि मागे चौकोनी कप्प्यांत बसवलेली चिन्हं. इंचभरही जागा मोकळी नाही.

ग्रीक किंवा रोमन खांब काढताना कॅथरवुडला समोरचं कळत होतं. हे पान आहे, ही वळी आहे, ही घडी आहे. दगड झिजला असला तरी इथे काय असणार हे हाताला माहीत होतं. खूप वापरलेल्या भाषेत कोड लिहिताना बोटं पुढचा शब्द स्वतःच टाइप करतात ना, तसं. कोपानला ती सगळी सवय निरुपयोगी झाली. कुठली रेघ महत्त्वाची, कुठली नुसती भेग, कुठे एक आकृती संपते आणि दुसरी सुरू होते, काहीच उमगेना. स्टीव्हन्स स्पष्ट लिहितो की त्याने यंत्र लावून आणि यंत्राशिवाय, दोन्ही तऱ्हेने करून पाहिलं, पण समाधान होईना.

या क्षणी कुठल्याही चित्रकाराला सोपी पळवाट होती. जे कळत नाही ते कळणाऱ्या गोष्टीसारखं काढायचं. मुकुट थोडा इजिप्शियन, चेहरा थोडा ग्रीक. न्यू यॉर्कमध्ये कुणाला पत्ता लागणार नव्हता.

कॅथरवुडने कागद फेकले आणि पुन्हा सुरुवात केली. कॅमेरा ल्युसिडाने बाह्यरेषा घेतली, कागदाचे चौकोनी भाग पाडले आणि एकेक भाग प्रमाणात भरत गेला. अर्थ लागो न लागो, दिसतंय ते आणि तेवढंच. हळूहळू डोळा रुळला आणि चित्रं जमू लागली. स्टीव्हन्स सरकार शोधायला ग्वाटेमाला शहराकडे निघाला, तेव्हा कॅथरवुड मागे थांबून काढतच होता. पुढे तो स्टीव्हन्सशिवाय किरिग्वा नावाच्या दुसऱ्या जागीही गेला. तिथे त्याहून उंच स्टेला होते. त्यांतला एक तर साडेदहा मीटरचा.

एवढं अचूक असण्याची गरज काय होती?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, माणूस चोख होता. पण एका सापाची वेटोळी इकडची तिकडे झाली तर काय बिघडलं?

बिघडत होतं. कारण त्या काळात मोठा वाद होता की ही शहरं बांधली कुणी. युरोप-अमेरिकेतले बरेच विद्वान मानत होते की तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांना हे जमणंच शक्य नाही. मग कोण? इजिप्शियन, फिनिशियन, इस्रायलच्या हरवलेल्या जमाती, कुणीही चालेल, फक्त तिथले लोक नकोत. इस्रायलच्या जमातींचा सिद्धांत मांडणाऱ्या लॉर्ड किंग्जबरो या उमरावाने जुन्या मेक्सिकोवरचे महागडे ग्रंथ छापण्यात इतका पैसा ओतला की कर्जापायी तुरुंगात गेला आणि १८३७ मध्ये तिथेच वारला.

त्याच किंग्जबरोच्या पैशावर काही काळ काम केलेला एक चित्रकार होता, झां-फ्रेदरिक वाल्डेक. स्वतःला काउंट म्हणवायचा. १८३० च्या दशकात तो पालेंकेच्या अवशेषांजवळ राहिला, खूप चित्रं काढली. हात सुंदर होता. पण पालेंकेच्या शिल्पांत त्याला हत्तींची डोकी दिसली! मध्य अमेरिकेत हत्ती कुठून येणार? त्याला बाहेरून आलेले लोक दिसायला हवे होते, म्हणून हत्ती दिसले. उश्मालचा पिरॅमिडही त्याने असा काढला की इजिप्तचीच आठवण व्हावी.

म्हणजे बघा, त्या वादात चित्र हाच पुरावा होता. पुराव्यात हत्ती घुसला की निकाल बदलतो.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. १८३८-३९ मध्ये अमेरिकेत चेरोकी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून शेकडो मैल पश्चिमेला चालवत नेलं गेलं. वाटेत हजारो मेले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते मार्टिन व्हॅन ब्यूरन, स्टीव्हन्सची नेमणूक करणारेही तेच. मूळ रहिवाशांना इतिहासच नाही, ते काही उभं करणारे लोक नाहीत, हे मानणं त्या व्यवस्थेच्या सोयीचं होतं.

या पार्श्वभूमीवर स्टीव्हन्सने पुस्तकाच्या शेवटी लिहिलं की ही शहरं बाहेरच्या कुणी बांधलेली नाहीत. ती या भूमीतल्याच लोकांची, आज इथे राहणाऱ्यांच्या पूर्वजांची. आणि हे तो कशाच्या जोरावर म्हणू शकला? त्याच्या सोबतचा माणूस इजिप्तची देवळं वर्षानुवर्षं काढून आला होता. इजिप्तचा पिरॅमिड कसा असतो हे ऐकून नव्हे, मोजून माहीत होतं. इथले पिरॅमिड म्हणजे वरच्या इमारतीसाठी रचलेले चौथरे, तिथल्यासारखे नव्हेत. खांब वेगळे, शिल्पं वेगळी. इजिप्त कोळून प्यायलेला माणूस सांगत होता की हे इजिप्त नाही.

पालेंके, हिवताप आणि रद्द केलेले ठसे

कोपाननंतर ते मेक्सिकोतल्या पालेंकेला पोहोचले, १८४० च्या मे महिन्यात. पावसाळा तोंडावर. मुक्काम थेट तिथल्या राजवाड्याच्या अवशेषांत. छत गळतंय, डास झोपू देत नाहीत, कॅथरवुड तापाने फणफणलाय आणि तरी काम चालू. स्टीव्हन्सला पालेंकेही विकत घ्यायचं होतं, पण कायदा आडवा आला. परदेशी माणसाने तिथल्या मुलीशी लग्न केलेलं असेल तरच जमीन घेता येणार होती. सौदा राहिला.

पुढे युकातानमधल्या उश्मालला कॅथरवुड कोसळलाच. प्रवास आवरता घेऊन दोघं जुलै अखेरीला न्यू यॉर्कला परतले.

१८४१ मध्ये स्टीव्हन्सचं दोन खंडांचं पुस्तक आलं आणि काही महिन्यांत हजारोंनी खपलं. पण छापण्याआधीची एक गोष्ट मला फार आवडते. चित्रांचे लाकडी ठसे चांगल्या कारागिराकडून करून घेतले होते. ठसे दिसायला छान होते, पण चेहऱ्यांवरचा मूळ भाव हरवला होता. मग काय केलं? वेळ आणि पैसा दोन्ही गेला तरी ते ठसे बाजूला टाकले आणि सगळं पोलादी पत्र्यावर पुन्हा कोरून घेतलं. डेडलाइन डोक्यावर असताना चालणारं काम फेकून द्यायला काय लागतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल.

कॅमेरा आला, तरी पेन्सिल सुटली नाही

ऑक्टोबर १८४१ मध्ये दोघं पुन्हा निघाले, या वेळी युकातान. सोबत बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल कॅबट, ज्यांना पक्ष्यांचा नाद. आणि सामानात एक नवं यंत्र, डॅगेरोटाइप. फोटोग्राफीचं हे तंत्र जाहीर होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

सराव म्हणून मेरिदा शहरात त्यांनी तिथल्या स्त्रियांचे फोटो काढले. गर्दी जमली. पण उश्मालला गेल्यावर यंत्राने हात टेकले. तिथल्या इमारतींवर पुढे आलेल्या कंगोऱ्या आणि नक्षी फार. भर उन्हात उजेडातला भाग पांढराफटक, सावलीतला काळाकुट्ट, मधलं काहीच नाही. आजच्या फोनमध्ये तीन-चार फोटो जोडून हा प्रश्न सोडवतात. तेव्हा तो कॅथरवुडच्या पेन्सिलने सोडवला. बाह्यरेषा, मापं आणि जिथे यंत्र आंधळं होतं तिथे डोळा.

या फेरीत त्यांनी ४४ जुन्या जागा पाहिल्या. उश्माल, कबाह, सायिल, लाब्ना, चिचेन इत्सा, समुद्रकाठचं तुलुम. पुढच्या पुस्तकात १२० चित्रं आली.

त्या चित्रांत भग्न इमारतींसमोर छोटी छोटी माणसं दिसतात. कुणी झाडी तोडतंय, कुणी ओझं वाहतंय, कुणी नुसतं बसलंय. इमारत केवढी मोठी हे कळावं म्हणून चित्रकार अशी माणसं घालतात. पण ती माणसं म्हणजे खुद्द माया लोक, ज्यांच्यातले कित्येक हासिएंडांवर, म्हणजे मोठ्या जमीनदारी वाड्यांवर, कर्जाने बांधलेले मजूर होते. ज्यांच्या पूर्वजांची शहरं, तेच चित्रात मोजपट्टी म्हणून उभे. बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. हे चित्र बघताना मी नेहमी आधी झूम करून त्यांच्याकडे बघतो.

चिकूचं लाकूड

आता गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग.

उश्माल आणि कबाहला दारांवरच्या तुळया लाकडाच्या होत्या, कोरीव. लाकूड कुठलं माहितीये? सपोडिला, म्हणजे आपला चिकू! डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा तिकडचाच. त्याचं लाकूड इतकं टणक, की माया कारागिरांनी बसवलेल्या तुळया शेकडो वर्षं ऊनपाऊस, वाळवी सगळं सोसून टिकल्या होत्या.

स्टीव्हन्सने त्यातल्या काही काढल्या, माणसांच्या खांद्यांवरून बंदरापर्यंत नेल्या आणि न्यू यॉर्कला पाठवल्या. कल्पना अशी की तिथे संग्रहालय उभं राहील आणि वस्तू सुरक्षित राहतील. त्या ठेवल्या कॅथरवुडच्या रोटुंडात.

जुलै १८४२ मध्ये रोटुंडाला आग लागली. एका रात्रीत पॅनोरामा गेले, युकातानहून आणलेल्या वस्तू गेल्या, कॅथरवुडची कितीतरी मूळ चित्रं गेली आणि त्या तुळयाही गेल्या. जंगलात ज्यांना काही झालं नाही, त्या 'सुरक्षित' जागी काही महिन्यांत राख झाल्या.

कॅथरवुडने दगडाशी प्रामाणिकपणा राखला, पण वस्तू उचलून नेण्यात तोही सामील होता. एक झाकून दुसरं सांगणं मला पटत नाही. रेखाटून नेणं आणि काढून नेणं यातला फरक त्या आगीने दाखवला. कागदावर उतरवलेल्या गोष्टीची मूळ प्रत जागेवरच राहते. उचललेल्या गोष्टीची राहत नाही.

वीज खोटी, अक्षरं खरी

आगीनंतरही त्याने उरलेल्या सामग्रीवरून स्वतःच्या नावाचा एक संग्रह काढला. १८४४ मध्ये २५ मोठी शिळामुद्रित चित्रं, फक्त ३०० प्रती. इथे तो निसर्गचित्रकार म्हणून मोकळा सुटलाय. कोपानचा एक पडलेला स्टेला आहे, त्याच्यामागे वीज कडाडतेय. कुठे मुळांनी दगड कवेत घेतलाय, कुठे संध्याकाळचा उजेड. सरळसरळ नाट्य. त्या काळच्या गिऱ्हाइकाला हेच आवडायचं, आणि आज तुम्ही वॉलपेपर म्हणून लावाल इतकं ते देखणं आहे.

पण त्याने फिल्टर लावला तो आकाशाला. दगडावरची रेघ जिथल्या तिथे ठेवली.

आणि याचं फळ मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. ती चौकोनी चिन्हं माया लिपीतला मजकूर होता. स्टीव्हन्सला तेव्हाच वाटलं होतं की या लोकांचा इतिहास या दगडांवरच कोरलाय, पण वाचणार कोण? १९५२ मध्ये सोव्हिएत रशियातल्या युरी क्नोरोझोव्हने, एकही माया शहर प्रत्यक्ष न बघता, ही लिपी उच्चारावर चालते हे दाखवलं. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोव्हने सिद्ध केलं की स्टेलांवर राजांचे जन्म, राज्यारोहण, मृत्यू लिहिलेले आहेत. मग एकेक खांब बोलू लागला.

कोपानचे जे स्टेला कॅथरवुडला छळत होते, त्यातले बरेच एकाच राजाने उभारलेले. त्याचं नाव वाशाक्लाहून उबाह कविल. राज्य ६९५ ते ७३८. आणि ७३८ मध्ये त्याचा शिरच्छेद केला तो किरिग्वाच्या राजाने, जो तोपर्यंत त्याचाच मांडलिक होता. किरिग्वाचे ते उंचच उंच स्टेला त्या विजयी राजाचे.

म्हणजे कॅथरवुडने हरलेला राजाही काढला आणि त्याला मारणारा राजाही काढला. त्याला यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण त्याने अंदाजाने काही भरलं नाही, म्हणून आज लिपी वाचणारे त्याच्या चित्रांतली चिन्हं ओळखू शकतात. वाल्डेकच्या हत्तीचं काय करणार?

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. तो दगड कॅथरवुडला जमत नव्हता, कारण त्याने आधीच माहीत असलेलं काढायला नकार दिला. तिथे पटकन जमलं असतं, तर ते चुकीचं असतं.

शेवट

पुढे दोघंही रेल्वेच्या कामात गेले. कॅथरवुड ब्रिटिश गयानात रेल्वे इंजिनिअर झाला, स्टीव्हन्स पनामाच्या रेल्वेत, आणि काही काळ कॅथरवुडही तिथे त्याच्यासोबत होता. पनामातल्या आजारपणाने खंगलेला स्टीव्हन्स १८५२ मध्ये वारला. २७ सप्टेंबर १८५४ रोजी कॅथरवुड लिव्हरपूलहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या 'आर्क्टिक' जहाजावर होता. न्यूफाउंडलंडजवळ धुक्यात एका फ्रेंच जहाजाची धडक बसली. साधारण ४०० जणांपैकी ८५च्या आसपास वाचले. बायका-मुलांपैकी एकही नाही. कॅथरवुड बुडाला. वय ५५.

आयुष्यभर इतरांचे चेहरे इतके बारकाईने काढणाऱ्या या माणसाचं स्वतःचं खात्रीचं असं एकही चित्र उपलब्ध नाही. तुलुमच्या एका चित्रात इमारतीसमोर मापं घेणारी एक छोटी आकृती आहे, ती त्याचीच असावी असं मानतात. तिथेही चेहरा दिसत नाही. हातात मोजायची फीत तेवढी आहे.

कोपान, पालेंके, उश्माल, चिचेन इत्सा ही आज युनेस्कोच्या यादीत आहेत. आणि माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरासमध्ये राहतात. शहरं कुणी बांधली हा वाद संपला. त्यांच्या बाजूने संपला.

आता एक काम करा. कॅथरवुडचं कोपानचं चित्र शोधा आणि त्याच स्टेलाचा आजचा फोटो शोधा. दोन्ही शेजारी ठेवा आणि एकेक चिन्ह जुळवून बघा. दहा मिनिटं लागतील. त्यातली वीज सोडून काय काय जुळतं ते मला कळवा, आणि एखादं चिन्ह जुळलं नाही तर तेही कळवा, त्यावर आपण पुढच्या वेळी बोलू.

तोवर काळजी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.